पत्ता आणि त्याचें नांव



शाळेची नवी पटवही आंखतांना पहिला विचार करावा लागे तो रकान्यांच्या मथळ्यांचा. नुसतें ‘पत्ता’ एवढेंच लिहिलें, तर कोणी घराचा क्रमांक सांगे, कोणी पेठेचें नांव सांगून मोकळा होई. दोन्ही उत्तरें खरीं. पण मूल गैरहजर राहिल्यावर शिपायानें जावें कोणत्या दारीं? हाच प्रश्न संगणकाच्या नोंदवहींत, म्हणजे डेटाबेसमध्यें, कसा उभा राहतो तें आज सांगणार आहें.

इंटरनेटवर यंत्रांस अंकी पत्ते असतात; उदाहरणार्थ, १९२.१६८.०.१. असा पत्ता साध्या अक्षरांच्या रकान्यांत घातला, तर डेटाबेस त्यास निव्वळ शब्द समजतो. शेवटीं १० असलेला पत्ता तो ९ च्या आधीं लावतो; २५५ ही मर्यादा असतां ३०० हा आंकडाही मुकाट्यानें ठेवून घेतो. म्हणून ‘पोस्टग्रेस’ या डेटाबेसांत पत्त्यांसाठीं ‘इनेट’ आणि ‘सायडर’ असे दोन स्वतंत्र प्रकार आहेत.

‘इनेट’मध्यें घर बसतें आणि हवी तर पेठेची खूणही: १९२.१६८.०.१/२४. ‘सायडर’ मात्र केवळ पेठ घेतो. वरील नोंद तो नाकारतो, १९२.१६८.०.०/२४ स्वीकारतो. येथें २४ म्हणजे पत्त्याच्या ३२ बिटांपैकीं पहिले २४ पेठेचे. उरलेल्या ८ बिटांत २५६ पत्ते मावतात.

गोम आहे ती नांवांत. ‘इनेट’ हें इंटरनेटचें तोडलेलें रूप. त्यावरून घर कीं पेठ, हें कळत नाहीं. ‘सायडर’ हीं तर १९९३ सालीं आलेल्या मार्गयोजनेच्या एका पद्धतीचीं आद्याक्षरें. तें वस्तूचें नांवच नव्हे. आतां या रकान्यांत कोणीं घाईनें नुसतें ‘१०’ लिहिलें, तर त्याचा अर्थ होतो १०.०.०.०/८, म्हणजे १,६७,७७,२१६ पत्ते! आंत कोणास घ्यावें हें ठरविणारी ती यादी असेल, तर एका पाहुण्यासाठीं उघडलेलें दार साऱ्या शहरास उघडें राहिलें.

रूढ झालेलें नांव बदलणें सोपें नसतें. त्यावर विसंबलेलीं कामें मोडतात. मग भार पडतो तो माहितीपुस्तिकेवर. पोस्टग्रेसच्या पुस्तिकेंत हा भेद एका वाक्यांत सांगितला आहे आणि तक्ताही दिला आहे: काय लिहिलें असतां काय साठतें. हें मला मास्तर या नात्यानें फार पटलें. व्याख्या विसरते, उदाहरण लक्षांत राहतें.

अशा वह्या आंखणाऱ्यांस एकच विनंति. नांव ठेवतांना आपणांस काय ठाऊक आहे तें पाहूं नये; उद्यां वही उघडणाऱ्यास काय ठाऊक नसेल, तें पाहावें.