मुक्या जिवांचा शिधा



कामगार चळवळीतल्या माणसाने कुत्र्यामांजरांच्या आहारावर बोलावे, याचे आपणांपैकी काहींना हसू आले असेल. मी पशुवैद्य नाही. माझे शाळेतले शिक्षण थोडे; पुढचे सारे युनियनच्या कचेरीतल्या बाकावर बसून वाचले. पण माझे उभे आयुष्य एकाच प्रश्नात गेले आहे : ज्याचे पोट दुसऱ्याच्या हातून भरते, त्याला मिळते ते पुरेसे आहे की नाही, हे तपासायचे कोणी?

आमच्या कचेरीत मोत्या नावाचा कुत्रा होता. एका सभेनंतरच्या जेवणातली मटणाची हाडे मी त्याला मोठ्या प्रेमाने घातली. शिजलेले हाड ठिसूळ होते आणि त्याचे अणकुचीदार तुकडे पडतात, हे मला ठाऊक नव्हते. एक तुकडा त्याच्या घशात अडकला. डॉक्टरांनी तो काढला, मोत्या वाचला. पण त्या रात्रीपासून मी या विषयावर मिळेल ते वाचू लागलो.

यात दोन पक्ष आहेत. पहिला पाकिटाचा. १८६० च्या सुमारास जेम्स स्प्रॅट नावाच्या अमेरिकन गृहस्थाने लंडनमध्ये कुत्र्यांची बिस्किटे विकायला काढली, तेव्हापासून हा धंदा वाढत गेला. दुसरा पक्ष म्हणतो, कुत्रा मुळात लांडगा. त्याला कच्चे मांस आणि कच्ची हाडेच घाला. ऑस्ट्रेलियातले पशुवैद्य इयान बिलिंगहर्स्ट यांच्या १९९३ सालच्या पुस्तकाने या पक्षाला मोठा जोर आला.

आता दोघांचाही ताळेबंद पाहू. मांजराला टॉरिन नावाचे द्रव्य स्वतःच्या शरीरात पुरेसे तयार करता येत नाही. ते अन्नातूनच मिळावे लागते. १९८७ साली कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस येथील संशोधकांनी दाखवून दिले की, पाकिटाडब्यातले खाणे खाऊनही काही मांजरांना टॉरिन कमी पडत होते आणि त्यांचे हृदय दुबळे होत होते. टॉरिन देताच अनेक मांजरे सुधारली. मग कारखानदारांनी प्रमाण वाढवले. कामगाराला कमी पडले तर तो गेटवर घोषणा देतो. मांजर घोषणा देत नाही, ते मुकाट्याने मरते.

म्हणून दुसरा पक्ष खरा, असे मात्र समजू नका. अमेरिकन सरकारच्या अन्न-औषध खात्याने २०१० ते २०१२ या काळात कच्च्या पशुखाद्याचे १९६ नमुने तपासले. १५ नमुन्यांत साल्मोनेला आणि ३२ नमुन्यांत लिस्टेरिया हे रोगजंतू सापडले. बर्फात ठेवल्याने ते सगळे मरत नाहीत. कुत्रा धडधाकट दिसतो, पण त्याच्या विष्ठेतून ते जंतू घरातल्या रांगत्या मुलापर्यंत पोहोचू शकतात. आणि लांडग्याचे म्हणाल, तर २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधल्या संशोधनाने दाखवले की, पिष्टमय अन्न पचवण्याची शक्ती कुत्र्यात लांडग्याहून कितीतरी अधिक आहे. माणसाच्या दारात हजारो वर्षे राहून त्याचे पोटही आपल्यासारखे बनले. मांजराचे तसे नाही. ते पक्के मांसाहारीच राहिले.

घरी रांधून घालणाऱ्यांनाही माझे सांगणे आहे. नुसते मांस घातलेत, तर चुना, म्हणजे कॅल्शियम, कमी पडतो आणि पिल्लांची हाडे कच्ची राहतात. रश्शातला कांदा आणि लसूण कुत्र्यामांजरांच्या रक्ताला घातक आहेत. शिजलेली हाडे तर कधीच नकोत. पशुवैद्याला विचारून प्रमाण ठरवा.

मित्रहो, 'शास्त्रीय' हा शब्द पाकिटावर छापता येतो आणि 'नैसर्गिक' हा शब्दही छापता येतो. मालकाच्या गोड शब्दावर, ताळेबंद न पाहता, करारावर सही करणाऱ्या पुढाऱ्याला कामगार काय म्हणतात, ते मला ठाऊक आहे. मोत्याला मला काहीच म्हणता आले नाही. त्याची युनियन नाही, त्याचा प्रतिनिधी मीच होतो, आणि मी न विचारता सही केली होती. आपण तसे करू नका, एवढेच सांगण्यासाठी आज येथे उभा राहिलो.