कै. विजय मर्चंट यांची दुसरी खेळी
(नाशिक येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



प्रतिवर्षी या व्यासपीठावरून आपण समाजातील कर्तबगार व्यक्तींचा गौरव करतो. आज आम्ही ज्यांचे चरित्र मांडीत आहो, ते आपल्या ज्ञातीचे नव्हेत. परंतु कित्ता गिरविण्यास ज्ञातीची आडकाठी कशाला असावी?

विजय मर्चंट यांचा जन्म 12 ऑक्टोबर 1911 रोजी मुंबईच्या ठाकरसी या गिरणीमालक घराण्यात झाला. शाळेत वडिलांचा व्यवसाय विचारला असता दिलेले ‘मर्चंट’ हे उत्तरच आडनाव म्हणून नोंदले गेले, असे सांगतात. 1932 साली राष्ट्रीय नेते तुरुंगात असताना इंग्लंडला खेळावयास जाणे त्यांनी नाकारले. 1943 च्या पंचरंगी अंतिम सामन्यात त्यांनी हिंदू संघातर्फे नाबाद 250 धावा काढल्या. आपल्या सांगलीच्या विजय हजाऱ्यांनी त्याच सामन्यात 309 धावांनी तोडीस तोड उत्तर दिले. 1951 साली दिल्लीच्या कसोटीत मर्चंटांनी 154 धावा केल्या; त्याच सामन्यात खांदा दुखावला आणि ती त्यांची अखेरची कसोटी ठरली.

येथे पुष्कळांचे चरित्र संपते. मर्चंटांचे संपले नाही. गिरणीचा कारभार सांभाळीत असतानाच त्यांनी अंध व अपंगांच्या पुनर्वसनाचे कार्य अंगावर घेतले. ‘नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड’ या संस्थेशी ते निगडित होते. अपंगांस केवळ मदत देऊन न थांबता त्यांनी कारखानदारांकडे त्यांच्यासाठी नोकऱ्या मागितल्या. 27 ऑक्टोबर 1987 रोजी ते निवर्तले.

बंधूंनो, दान घेणाऱ्याची मान किंचित खाली जाते. पगार घेणाऱ्याची ताठ राहते. मर्चंटांच्या कार्याचे मर्म आम्हांस यातच दिसते.

2016 च्या कायद्याने सरकारी आस्थापनांत दिव्यांगांसाठी किमान 4 टक्के जागा राखल्या आहेत. खासगी मालकावर तशी सक्ती नाही. तेथे त्याचे मन हाच कायदा. सातपूर-अंबडच्या वसाहतींत आपल्या बंधूंचे कारखाने आहेत, मेन रोडवर दुकाने आहेत. आणि आपल्याच कित्येक घरांत एखादा डोळस बुद्धीचा अंध मुलगा दिवसभर ओट्यावर बसून आहे.

आमची सूचना एवढीच, की पुढील वर्षीच्या अहवालात देणगीदारांच्या यादीशेजारी आणखी एक यादी छापावी : कोणी किती दिव्यांगांस काम दिले, तिची. ती यादी पहिल्या वर्षी लहान असली तरी चालेल; कोरी मात्र नसावी.