गच्चीवरील भाजीपाला व त्याचा जमाखर्च

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारानंतर कोथिंबिरीवर बोलावयास उभे राहणे हे थोडे धाडसच होय. तथापि आमची गच्ची पाहून गेलेल्या कित्येकांनी ‘यातून काही सुटते का?’ असे विचारले आहे. त्यांना वही पुढे ठेवूनच उत्तर द्यावे, या हेतूने चिटणिसांची आज्ञा आम्ही मान्य केली.

आपल्या वाडवडिलांच्या कोकणातील घरांना परस असे. न्हाणीच्या सांडपाण्यावर अळू वाढे, विहिरीपाशी तोंडलीचा मांडव असे. त्याचा हिशेब कोणी ठेवीत नसे, कारण त्यात पैसा जातच नसे. ठाण्यास चौथ्या मजल्यावरील गच्ची सोसायटीच्या संमतीने आम्हांस मिळाली, तेव्हा नेमकी हीच गोष्ट आम्ही विसरलो. रंगीत कुंड्या विकत आणल्या, पोत्यांनी लाल माती वर चढविली, विटांचे वाफे बांधून त्यांत फूटभर माती भरली आणि टोमॅटो व कोबी लावले. आमचा टोमॅटो पिकला त्याच आठवड्यात बाजारातही तो कवडीमोल झाला! पुढे पावसाळ्यात खालच्या बिऱ्हाडाच्या छताला ओल आली. तेथील वृद्ध मातोश्रींची खाट भिंतीपासून हलवावी लागली. त्या माउलीने एक शब्दही वावगा काढला नाही. परंतु जिन्यात भेट झाली की आम्हीच मान खाली घालीत असू. दुरुस्तीचा खर्च वर्षभराच्या भाजीच्या किमतीहून कितीतरी अधिक झाला.

नंतर एका स्थापत्य अभियंत्यास विचारले. माणसांच्या वावरासाठी असलेल्या गच्चीवर चौरस मीटरला सुमारे १५० किलो भार धरण्याचा प्रघात आहे. फूटभर ओल्या मातीचा भार ५०० किलोच्या आसपास जातो. हा आकडा आधी कळता तर आम्ही वाफे बांधलेच नसते. आपणही आधी विचारावे, मग बी आणावे.

मातीवाचून भाजी कशी व्हावी? याचे उत्तर कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोळकर व त्यांचा प्रयोग परिवार यांनी पूर्वीच देऊन ठेवले होते. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर श्रीमती प्रीती पाटील यांच्या पुढाकाराने, तेथल्याच ओल्या कचऱ्यावर बाग उभी राहिली, तीही याच वाटेने. आम्ही रसवंतीवरील उसाची चिपाडे फुकट आणतो. चिपाडे, वाळका पाला व भाज्यांची देठे-साले जुन्या क्रेटांत थर देऊन कुजवितो, माती नावापुरती. क्रेट विटांवर ठेवतो, म्हणजे खाली वारा खेळतो. १० लिटर पाण्यात १ किलो शेण, १ लिटर गोमूत्र व ५० ग्रॅम गूळ घालून तीन दिवस ठेवावे आणि दसपट पाणी मिसळून द्यावे. याला अमृतजल म्हणतात. शेण ठाण्यात कोठे मिळते, हे विचारणाऱ्यांनी तबेल्यांची चौकशी करावी; आम्हीही तेच केले.

आता मुख्य मुद्दा. जे महिनाभर टिकते, म्हणजे कांदा, बटाटा, भोपळा, ते बाजारासाठी सोडावे. जे सकाळी खुडून संध्याकाळी कोमेजते, त्यातच गच्चीचा पैसा आहे. मेथी महिन्याच्या आत निघते. पालक मुळापासून न उपटता कापला की पुन्हा फुटतो. पुदिना, माठ, कढीपत्ता, अळू हे सारे याच पंक्तीतले. कोथिंबीर मात्र पावसात कुजते, आणि म्हणूनच श्रावणात ती महाग असते. प्लॅस्टिकच्या आडोशाखाली आम्ही ती राखतो. उन्हाळ्यात हिरवी जाळी लागते. घरी वापरलेली जुडीही आम्ही त्या दिवशीच्या बाजारभावाने जमा धरतो. उरलेल्याची मागणी इमारतीतील भगिनी आदल्या रात्री नोंदवितात. पहाटे कापणी होते, दारोदार फिरावे लागत नाही.

तिसऱ्या वर्षी जमेची बाजू प्रथमच वर आली. पण रोजच्या तासाभराच्या श्रमाची मजुरी लावली, तर नफा उरत नाही, हे आम्ही लपवीत नाही. ज्यांची सकाळ मोकळी आहे अशा निवृत्तांना व गृहिणींना हे परवडते. कर्ज काढून करणाऱ्यास नाही. माँट्रियल शहरात लुफा फार्म्स या कंपनीने २०११ मध्ये छपरावर काचघर बांधून धंदा उभारला, २०२० मध्ये दीड हेक्टरांचे काचघर उभे केले. पण ते भांडवल निराळे आणि ती छपरेही निराळी.

खालच्या बिऱ्हाडातून आता रोज सालांची बादली वर येते व अळूची जुडी खाली जाते. मातोश्री अळूच्या फदफद्यात आंबट चुका कमी पडल्याचे मात्र हटकून कळवितात. यंदा चुकाही लावला आहे.

फळ देणाऱ्या तोंडलीच्या वेलाचे वीतभर लांबीचे तुकडे ओल्या गोणपाटात गुंडाळून आणले आहेत. ते दाराशी ठेवले असून प्रत्येक कुटुंबाने दोन न्यावेत. दोन डोळे मातीत, दोन वर, आणि पालवी फुटेपर्यंत सावलीत.