आकाशातील एक नाव

(प्रताप नगर, नागपूर येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



आज मी तुम्हाला एका खडकाची गोष्ट सांगणार आहे. प्रताप नगरच्या गच्चीवरून मंगळ दिसतो, गुरू दिसतो. पण या दोहोंच्या दरम्यान सूर्याभोवती फिरणारे लक्षावधी लहानमोठे खडक नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांना लघुग्रह म्हणतात. त्यांपैकी एकाचा क्रमांक आहे ३००१२८ आणि नाव आहे 'पंडितजसराज'.

हा लघुग्रह ११ नोव्हेंबर २००६ रोजी सापडला. लघुग्रह सापडतो कसा? आकाशाच्या एकाच भागाची थोड्या थोड्या वेळाने छायाचित्रे घेतात. तारे जागच्या जागी राहतात. जो ठिपका सरकतो, तो लघुग्रह असण्याचा संभव. त्याला आधी नाव मिळत नाही, हजेरीपटासारखी नोंद मिळते. याची नोंद होती '२००६ व्हीपी३२'.

विद्यार्थ्यांनो, हे कोडे सोडवू या. वर्षाचे चोवीस पंधरवडे. इंग्रजी वर्णमालेतील 'आय' सोडून मोजले, तर 'व्ही' एकविसावे अक्षर, म्हणजे नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा. 'पी' पंधरावे अक्षर. ३२ म्हणजे पंचवीस अक्षरांच्या ३२ फेऱ्या पुऱ्या झाल्या. ३२ गुणिले २५ म्हणजे ८००, त्यात १५ मिळवा. त्या पंधरवड्यातली ही ८१५ वी नोंद! एवढ्या गर्दीतला हा एक ठिपका.

कायमचा क्रमांक मात्र कक्षा निश्चित झाल्यावरच मिळतो. एका रात्रीच्या निरीक्षणावरून कक्षा ठरत नाही. १ जानेवारी १८०१ रोजी पियाझ्झी यांना पालेर्मो येथे 'सेरेस' दिसला. सुमारे सहा आठवड्यांनी तो सूर्याच्या तेजात हरवला. तेव्हा चोवीस वर्षांच्या गाउस या तरुणाने मोजक्या निरीक्षणांवरून गणित मांडले आणि वर्ष संपता संपता सेरेस पुन्हा सापडला. दुर्बीण हरली होती, गणिताने वाट दाखवली. सूर्यापासून पृथ्वीच्या अडीचपट अंतरावर असलेल्या लघुग्रहाला एक फेरी पुरी करण्यास जवळजवळ चार वर्षे लागतात, हेही गणितच सांगते.

आता नावाविषयी. शोधकर्त्याला नाव सुचविण्याचा अधिकार असतो आणि आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघ त्यास मंजुरी देतो. पैसे भरून हे नाव विकत मिळत नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये पंडित जसराज यांचे नाव जाहीर झाले. पंडितजींचा जन्म २८ जानेवारी १९३० चा. क्रमांकाचे दोन दोन आकडे उलट क्रमाने वाचा : २८, ०१, ३०! मुंबईत राहिलेल्या या गायकाचे घराणे मेवाती. त्याचे संस्थापक घग्गे नझीर खाँ. एका उस्तादाच्या घराण्याचे सूर असे आकाशाच्या नोंदवहीत पोहोचले. त्याच पट्ट्यात समरकंदला वेधशाळा बांधणारा राजा उलुग बेग (क्रमांक २४३९) आणि भारतावर ग्रंथ लिहिणारा अल्-बिरुनी (क्रमांक ९९३६) यांच्या नावांचे लघुग्रहही फिरत आहेत.

पालकहो, आता जे सांगतो ते तुमच्यासाठी. एका परीक्षेचा निकाल म्हणजे एका रात्रीचे निरीक्षण. एका ठिपक्यावरून खगोलशास्त्रज्ञ कक्षा आखत नाहीत. मग आपण एका गुणपत्रिकेवरून मुलाचे आयुष्य का आखतो? गणितात कमी गुण पडले म्हणून मुलाला शाळेतून काढून दुकानात बसवू नका. दहावी झाली, आता पुरे, असे म्हणून मुलीचे दप्तर माळ्यावर टाकू नका. या खडकाला २००६ साली केवळ नोंद होती. नाव मिळायला तेरा वर्षे लागली. आपल्या मुलांसाठी तेरा वर्षे थांबणे जड जाऊ नये.

आणि मुलांनो, गांधीसागरजवळच्या रमण विज्ञान केंद्रात तारांगण आहे. घरच्यांना घेऊन एकदा जा. परत आल्यावर गच्चीवर उभे राहून गुरू शोधा. तो सापडला, की वहीत तारीख लिहा. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहा. कक्षा अशीच सुरू होते.