एक नियंत्रक, अनेक अक्षरे



‘दिन’ आणि ‘दीन’ हे दोन शब्द कानाला जवळजवळ सारखेच लागतात. डोळस विद्यार्थी त्यांतील भेद पाहून शिकतो. अंध विद्यार्थ्याला मात्र नुसत्या श्रवणाने तो उमगत नाही. १९५१ साली निश्चित झालेल्या भारती ब्रेलमध्ये ऱ्हस्व ‘इ’ व दीर्घ ‘ई’ यांचे ठिपके वेगळे आहेत. बोटांनी वाचणाऱ्यालाच शुद्धलेखन हाती लागते.

संगणकावरील मजकूर बोटांखाली उमटविणाऱ्या ब्रेलपट्टीचे महत्त्व यातच आहे. दिल्लीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील ‘असिस्टेक’ प्रयोगशाळेने इतर संस्थांच्या साहाय्याने ‘डॉटबुक’ हा ब्रेल-संगणक सिद्ध केला. त्याच्या एका प्रकारात २० अक्षरांची पट्टी आहे, दुसऱ्यात ४० अक्षरांची.

संगणकीय ब्रेलमध्ये एका अक्षराला ८ ठिपके लागतात. म्हणजे ४० अक्षरांना ३२०. प्रत्येक ठिपक्याला स्वतंत्र तार द्यावयाची, तर एवढ्या तारा एका लहानशा सूक्ष्मनियंत्रकाला जोडावयाच्या कोठे?

डोळ्यांनी वाचावयाच्या अक्षरफलकांपुढेही हाच प्रश्न उभा राहतो. नेहमीच्या द्रवस्फटिकी फलकाला निदान ६ संकेततारा लागतात, म्हणून चार फलकांना २४. परंतु त्यांपैकी ५ तारा सर्वांना सामाईक ठेवून ‘घे’ हा संकेत देणारी तार तेवढी ज्याची त्याला दिली, की ९ तारांत काम भागते. गुरुजींचे बोलणे साऱ्या वर्गाला ऐकू येते. उत्तर मात्र ज्याचे नाव पुकारले जाते, तोच देतो.

ब्रेलपट्टीत याहूनही काटकसरीची युक्ती योजितात. अक्षरे साखळीसारखी एकमेकांना जोडलेली असतात. पहिल्या तारेतून ठिपक्यांची माहिती एकामागून एक येते. दुसऱ्या तारेवरील प्रत्येक ठोक्यासरशी ती एकेक घर पुढे सरकते. आग विझविताना पाण्याच्या बादल्या हातोहात पुढे जातात, तशी. म्हणून ओळीतील शेवटचे अक्षर सर्वांत आधी धाडावे लागते. ३२० ठोके पुरे झाले, की तिसऱ्या तारेवरून ‘धरा’ अशी आज्ञा सुटते आणि सारे ठिपके एकदम जागा घेतात. ही आज्ञा नसती, तर माहिती सरकत असताना ठिपके बोटांखाली उगाच थरथरत राहिले असते. सेकंदाला एक लाख ठोके धरले, तरी सारी ओळ सुमारे ३ सहस्रांश सेकंदात भरते. अक्षरे २० असोत वा ४०, संकेताच्या तारा तीनच!

या रचनेत एक उणीव आहे. साखळीतील एक अक्षर बिघडले, की त्यापुढील सर्व अक्षरे मुकी होतात.

तारांचा प्रश्न असा सुटला, तरी किमतीचा सुटत नाही. प्रचलित पट्ट्यांत प्रत्येक ठिपका उचलण्यासाठी सुमारे २०० व्होल्टवर वाकणारी स्फटिकाची स्वतंत्र पट्टी असते. अशा ३२० पट्ट्या! म्हणूनच दिल्लीच्या संशोधकांनी आपला पूर्वीचा आकार स्मरणाऱ्या मिश्रधातूची तार त्या जागी वापरून पाहिली. आज्ञा पोचविणे स्वस्त झाले आहे. ठिपका उचलणेही तितकेच स्वस्त होईल, तेव्हा ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतील भेद गरिबाघरच्या अंध मुलाच्याही बोटांना कळेल.