कागद आठ रुपयांचा, वाट हजारांची

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



एक क्विंटल कापसाचा खर्च किती, हे आपण मांडायला शिकलो. बियाणे, खत, फवारणी, निंदणी, वेचणी आणि घरच्या माणसांची मजुरीसुद्धा. आज त्याच रीतीने एका जुन्या सरकारी कागदाचा खर्च मांडू.

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाच्या राजवटीतून सुटला. पुढे आठ वर्षे तो हैदराबाद राज्यात राहिला आणि १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यात आला. माणसे आली, जमिनी आल्या. दप्तर मात्र सगळे आले नाही. १९५४ च्या सुमाराचे खासरा पत्रक, कुळांच्या नोंदी तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये शोधता येतात. पण इनाम जमिनीचा मुंतखब, म्हणजे हक्क मान्य झाल्याचा दाखला, असे वरच्या कचेरीचे कागद पुष्कळदा हैदराबादला, तारनाक्याच्या राज्य अभिलेखागारात शोधावे लागतात.

आता हिशेब करा. परभणीहून हैदराबाद तीनशे किलोमीटरच्या वर. कागद उर्दूत, म्हणून सोबत जाणकार हवा. दोन माणसे, तीन दिवस, म्हणजे सहा रोज. रोज ४०० रुपये धरला तरी २,४०० रुपये. गाडीभाडे, जेवण, मुक्काम यांचे २,००० धरा. झाले ४,४००. त्यात वेचणीचे दिवस असतील तर इकडे कापूस झाडावर लोंबतो आहे. तिथे आधी अर्ज, ओळखपत्र, परवानगी. तेवढ्यात सुट्टी आली तर दुसरी खेप. आणि नक्कल किती पानांची? चार. माहिती अधिकाराच्या दोन रुपये दराने आठ रुपये!

२०२३ साली सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. निजामकाळचे पुरावे पाहायला तीही हैदराबादला गेली. उर्दू आणि मोडी वाचणारे लागले. त्या समितीचा विषय आज आपला नाही. पण सरकारला गाड्या, अधिकारी, जाणकार एवढे सगळे लागले, ते काम कोरडवाहू शेतकऱ्याने भाकरी बांधून एकट्याने करावे, ही अपेक्षा कुठल्या हिशेबात बसते?

यात धोका मोठा आहे. जमिनीच्या वादात दोन्ही बाजूंना कायदा एकच, पण ज्याच्या खिशात भाडे त्याच्या हातात पुरावा. दुसऱ्याचा हक्क खरा असला तरी कागदाविना तो हरतो.

म्हणून चार गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली : थेट हैदराबादची गाडी धरू नका. आधी तहसील आणि भूमी अभिलेख कार्यालयात लेखी अर्ज द्या, पोच घ्या. गाव, जुना तालुका, सर्वे नंबर आणि फसली साल लिहा. फसली सालात ५९० मिळवले की इंग्रजी साल येते. १३५७ फसली म्हणजे १९४७-४८. गट पडलेल्या गावात गट नंबर आणि जुना सर्वे नंबर यांचा मेळ आधी घाला.

दुसरी : ‘रेकॉर्ड नाही’ हे तोंडी ऐकून परत फिरू नका. लिहून मागा.

तिसरी : २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपयांत अर्ज होतो, दारिद्र्यरेषेखालच्याला तोही खर्च नाही. उत्तराची मुदत ३० दिवस. कागद दुसऱ्या कचेरीत असेल तर पाच दिवसांत अर्ज तिकडे पाठवण्याचे काम त्यांचे, आपले नाही. उत्तर आले नाही तर अपील करा.

चौथी : जायचेच असेल तर गावाने मिळून जा. दहा खातेदारांची यादी करा, दोन माणसे पाठवा. ४,४०० चा खर्च माणशी ४४० वर येतो.

पण ही झाली आपली काटकसर. सरकारचे कर्तव्य त्याने फिटत नाही. त्याच कायद्याचे कलम चार सांगते की प्रत्येक कचेरीने आपले दप्तर सूची करून नीट लावून ठेवावे. आपली मागणी सरळ आहे. मराठवाड्याच्या ज्या कागदांची सूची हैदराबादला आहे, ती प्रत्येक तहसीलीत मराठीत लावा. कागदांच्या प्रती इथे आणा. त्यांचे मराठी भाषांतर करून देणारा माणूस जिल्ह्याला बसवा.

शेतसारा घ्यायला सरकार गावापर्यंत येत होते. मग आपल्याच जमिनीचा कागद द्यायलाही त्याने गावापर्यंत यावे. हा ठराव आजच्या बैठकीत मांडतो आहे. गावोगाव सह्या घेऊन तो जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यायचा आहे. ज्यांचे कागद अडले आहेत, त्यांनी जाण्यापूर्वी गाव आणि सर्वे नंबर वहीत लिहून जावे.