ग्रंथातला ख्रिस्त आणि पडद्यावरचे तुकोबा

(गोमती नगर, लखनौ येथे मंडळाच्या सभासदांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



येशू ख्रिस्तावरील चित्रपट बायबलला धरून असावेत की नसावेत, या प्रश्नाशी मराठी मंडळाचा काय संबंध, अशी शंका आपल्यापैकी अनेकांना आली असेल. संबंध आहे, आणि तो भारतीय चित्रपटाच्या जन्मापासूनचा आहे. १९१० साली मुंबईत धुंडिराज गोविंद फाळके यांनी 'लाइफ ऑफ क्राइस्ट' हा मूकपट पाहिला. पुढे १९१७ साली 'नवयुग' मासिकात त्यांनी लिहिले की, पडद्यावर ख्रिस्ताचे चरित्र सरकत असताना आपल्या मनश्चक्षूंपुढे श्रीकृष्ण, श्रीरामचंद्र, गोकुळ आणि अयोध्या उभी राहत होती. ती अयोध्या आपल्या या नगरापासून मोटारीने काही तासांच्या वाटेवर आहे. ३ मे १९१३ रोजी लोकांसमोर आलेला 'राजा हरिश्चंद्र' हा त्या दर्शनाचा पहिला परिपाक होय. परक्या धर्माच्या कथेने एका त्र्यंबकेश्वरच्या ब्राह्मणाला आपल्या देवांची वाट दाखविली. तेव्हा ख्रिस्ताला पडद्यावर कसे दाखवावे हा प्रश्न आपण घरचाच मानला, तर त्यात अतिप्रसंग होणार नाही.

फाळके यांनी शास्त्रवचनांचा काथ्याकूट केला नाही. 'लंकादहना'त राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच नटाने केल्या. 'कालियामर्दना'तला कृष्ण म्हणजे फाळक्यांची लहानगी कन्या मंदाकिनी. कोणत्या पुराणाला हे मान्य झाले असते? परंतु प्रेक्षकांनी हात जोडले. बाह्य रूपाच्या बाबतीत भाविक फार उदार असतो. त्याची अडचण सुरू होते ती निराळ्या ठिकाणी, आणि ते ठिकाण शोधण्यासाठी आम्ही आपणांस 'संत तुकाराम' या चित्रपटाकडे नेऊ इच्छितो.

दामले-फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला 'प्रभात'चा हा बोलपट १९३६ सालचा. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. आपल्यापैकी किती जणांच्या घरी सबंध गाथा आहे, हे आम्ही विचारीत नाही. कारण असली तरी ती कपाटात आहे. देहू-आळंदीपासून शेकडो कोस दूर वाढणाऱ्या आपल्या मुलांच्या कानांवर ना पहाटेचा काकडा पडतो, ना आषाढीची दिंडी त्यांच्या दारावरून जाते. त्यांचे तुकोबा म्हणजे विष्णुपंत पागनीस. पुण्यातल्या मुलाला चित्रपट चुकला तर शेजारचा वारकरी दुरुस्त करील. येथे दुरुस्त करणारे कोणी नाही. म्हणून दूर राहणाऱ्या माणसांच्या घरी चित्रपट हाच ग्रंथ होऊन बसतो. हा प्रश्न आम्हांस जिव्हाळ्याचा वाटतो तो यासाठी.

आता एक उदाहरण पाहू. त्या चित्रपटातील 'आधी बीज एकले' हे पद आपण सर्वांनी ऐकले आहे, आणि पुष्कळांनी ते तुकोबांचे म्हणून म्हटलेही आहे. ते गाथेत नाही. ते शांताराम आठवले यांनी लिहिले आणि केशवराव भोळे यांनी त्याला चाल दिली. गंमत अशी की, त्याच चित्रपटातला सालोमालो तुकोबांचे अभंग स्वतःच्या नावावर खपवितो. येथे आठवल्यांनी स्वतःचे पद तुकोबांच्या मुखी घातले! परंतु एक गोष्ट त्यांनी केली नाही. त्या पदात तुकोबांची नाममुद्रा नाही. कवीने पद दिले, पण त्यावर दुसऱ्याचा शिक्का उठविला नाही. प्रेक्षकांनी तो आपल्या मनाने उठविला. आम्हांस वाटते, या एका संयमात आजच्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर आहे.

त्याच चित्रपटाने आवलीला, म्हणजे जिजाईला, काय केले तेही पाहा. कीर्तनांतून ती कर्कशा म्हणूनच ऐकू येई. 'प्रभात'मध्ये किरकोळ कामे करणाऱ्या गौरी या बाईंनी ती उभी केली, आणि लेकरांचा संसार ओढणारी, तोंडाने फटकळ पण मनाने नवऱ्यावर जीव टाकणारी बाई महाराष्ट्राला प्रथमच दिसली. येथे रूढ कथेपासून थोडे दूर जाऊन चित्रपटाने न्यायच केला. तेव्हा ग्रंथापासून किंवा परंपरेपासून हललेले प्रत्येक पाऊल पाप असते, असे आम्ही म्हणणार नाही.

ख्रिस्तकथेत याच्या उलट घडले आहे. मग्दालेच्या मरियेला चित्रपटांनी वारंवार वेश्या म्हणून रंगविले. चारही शुभवर्तमाने उघडून पाहावीत. तसे कोठेही म्हटलेले नाही. तिच्यातून सात भुते निघाली, एवढे लूक सांगतो. तिची सांगड लूकनेच वर्णिलेल्या एका निनावी पापिणीशी घातली ती पोप ग्रेगरी यांनी, इ. स. ५९१ च्या सुमारास, एका प्रवचनात. वधस्तंभाजवळ उभी राहिलेली आणि पुनरुत्थानाची वार्ता सांगणारी ही स्त्री चौदा शतके बदनाम राहिली आणि पडद्याने ती बदनामी घरोघर पोचविली. पूर्वेकडचे ज्ञानी लोक तीन होते असेही मत्तय सांगत नाही. पण त्या 'तीन'मुळे कोणाचे काही बिघडले नाही. मरियेचे बिघडले. चुकांचेही असे वजन करावे लागते.

बरे, 'ग्रंथाशी प्रामाणिक' म्हणजे तरी कोणत्या ग्रंथाशी? शुभवर्तमाने चार. मार्क आणि योहान जन्मकथा सांगतच नाहीत. मेंढपाळ लूकच्या कथेत आहेत, ज्ञानी लोक मत्तयाच्या. दोघांना एकाच रात्री एकाच गोठ्यात उभे करणारा दिग्दर्शक स्वतःचे पाचवे शुभवर्तमान लिहीत असतो, मग त्याला ते ठाऊक असो वा नसो.

ही गुंतागुंत टाळण्याचा एक मार्ग इटलीच्या पाझोलिनी यांनी काढला. ते साम्यवादी आणि नास्तिक. पण १९६४ सालच्या आपल्या चित्रपटात त्यांनी एकट्या मत्तयाचे शुभवर्तमान घेतले आणि संवादही त्यातलेच ठेवले. ख्रिस्ताच्या भूमिकेसाठी त्यांनी एक स्पॅनिश विद्यार्थी निवडला, आणि तो चित्रपट पोप तेविसावे जॉन यांच्या स्मृतीस अर्पण केला. श्रद्धा नसलेल्या माणसाने ग्रंथाचा इतका मान राखावा, याचे आम्हांस फार कौतुक वाटते.

मेल गिब्सन यांचा २००४ सालचा चित्रपट याच्या दुसऱ्या टोकाला आहे. पात्रे अरामी, हिब्रू आणि लॅटिन बोलतात, म्हणून तो अस्सल भासतो. परंतु त्यातील कित्येक तपशील एमरिख या जर्मन जोगिणीला झालेल्या दृष्टांतांवरून घेतलेले आहेत. बायबलात ते नाहीत. उलट एक वाक्य जे बायबलात आहे, ख्रिस्ताच्या रक्ताचा दोष आपल्यावर आणि आपल्या मुलांबाळांवर घेणाऱ्या जमावाचे, ते पडद्यावर उच्चारले जाते, पण त्याचे भाषांतर खाली दिलेले नाही. या वाक्याचा आधार घेऊन युरोपात शतकानुशतके ज्यूंचा छळ झाला. ते गाळले तर ग्रंथाशी प्रतारणा, ठेवले तर जुन्या जखमेवर घाव. दिग्दर्शकाने दोन्ही अर्धे-अर्धे केले. येथे आमचे मत असे की, अक्षराची निष्ठा माणसांच्या जिवाहून मोठी मानू नये.

आणि स्कॉर्सेसी यांचा १९८८ सालचा चित्रपट? त्याने आरंभीच पडद्यावर लिहून सांगितले होते की, ही कथा शुभवर्तमानांवर आधारलेली नाही, कझांझाकीस यांच्या कादंबरीवर आहे. तरी पॅरिसमध्ये एका चित्रपटगृहाला आग लावण्यात आली. भाविकांना दुखविल्याचे दुःख आम्ही समजू शकतो. पण त्या पाटीची किंमत जाळपोळीने कमी होत नाही. आपण कोणत्या आधाराने बोलतो आहोत हे ज्याने आधी सांगितले, त्याने फसविले असे म्हणता येत नाही.

आपल्या भाषेत ख्रिस्तकथा फार पूर्वी आली आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली गोमंतकात छापले गेले. इंग्लंडात जन्मलेल्या या पाद्र्याने ओवी घेतली, पुराणाची घाटणी घेतली, स्वर्गाला वैकुंठ म्हटले. कथेतला ख्रिस्त मात्र ख्रिस्तच ठेवला. पुढे रेव्हरंड ना. वा. टिळक यांनी 'ख्रिस्तायन' आरंभिले. १९१९ साली त्यांचे निधन झाले आणि ते काव्य लक्ष्मीबाईंनी पुरे केले. त्यांचा ख्रिस्त मराठी बोलतो याची कोणी तक्रार केल्याचे आम्ही ऐकले नाही.

कोणी म्हणेल, आपण अवधात राहतो, येथे तुलसीदासांनी केवढे स्वातंत्र्य घेतले! वाल्मीकींचा परशुराम लग्नानंतर वऱ्हाड परतत असताना वाटेत भेटतो. तुलसीदासांनी त्याला जनकाच्या सभेतच आणले, आणि इकडची रामलीला त्याच क्रमाने चालते. खरे आहे. पण तुलसीदासांनी आरंभीच सांगून टाकले आहे की, पुराणे, आगम, रामायण यांबरोबर आपण इतर ठिकाणांहूनही घेतले आहे. शिवाय दोहा-चौपाई ऐकताना कवीचा आवाज सतत कानी असतो. हे तुलसी सांगत आहे, याचा विसर पडत नाही. कॅमेऱ्याला असा आवाज नाही. तो 'अमुक म्हणतो' असे म्हणत नाही, 'हे पाहा' असे म्हणतो. काव्याला जे स्वातंत्र्य आपण सहज देतो ते चित्रपटाला देताना हात आखडावा लागतो तो यामुळे.

म्हणून ग्रंथ जेथे मूक आहे, तेथे दिग्दर्शकाने बोलावे: आईचे डोळे, सुताराचे हात, बाजारातली गर्दी यांविषयी ग्रंथात जागा मोकळी आहे. परंतु ज्या शब्दांवर लोक आपले आयुष्य तोलतात, ते शब्द त्याने नवे घडवू नयेत. घडविलेच तर पाटी लावावी. आणि दुसऱ्यांच्या देवाविषयी हे पथ्य अधिक कडक पाळावे, कारण तेथे चूक झाली तर दुखणारे मन आपले नसते.

जाता जाता कार्यकारिणीपुढे एक सूचना. येत्या आषाढी एकादशीस मुलांसाठी 'संत तुकाराम' लावावा. बाहेरच्या मेजावर गाथा उघडी ठेवावी. चित्रपट संपल्यावर मुलांनी त्यातले प्रत्येक पद गाथेत शोधावे, आणि जे सापडणार नाही त्याखाली आठवल्यांचे नाव लिहावे. गाथेची प्रत आम्ही आणू.